मापबाईंची लाजाळू

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि जनरेटरची खोली यांच्या मधे, पत्र्याच्या छपराची एक लांबट कार्यशाळा आहे. ज्या मुलांची पावलं वाकडी आहेत, गुडघ्यात जोर नाही, मनगट सरळ राहत नाही, त्यांच्यासाठी पट्टे, सळ्या आणि बूट इथे बनतात. तिथे एकतीस वर्षं काम केलेल्या बाईंना सगळे मापबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. मूल दारातून आत आलं की बाईंची नजर चेहऱ्याकडे जायच्या आधी बुटाच्या टाचेकडे जाई. टाच आतल्या बाजूने झिजली असेल तर पाऊल आत पडतं. पुढचं टोक झिजलं असेल तर पाय उचलला जात नाही, ओढला जातो. मग गळ्यातली टेप निघे. तपकिरी कागदावर मुलाचा पाय ठेवायचा, पेन्सिल उभी धरून कडेकडेने रेघ ओढायची आणि रेघेच्या आत तारीख घालायची. अशा पावलांनी दोन कपाटं भरली होती.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांच्याकडे एक काम आलं, ज्यात कुणाचंच माप घ्यायचं नव्हतं.

काम आणलं व्यायाम विभागाच्या मॅडमनी. त्यांच्या खोलीबाहेर एक अरुंद कॉरिडॉर आहे. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर आया आणि मुलं. नंबर यायला दोन-दोन तास लागतात. आतल्या मुलाचं रडणं बाहेर ऐकू येतं, त्यामुळे बाहेरचं मूल आत जायच्या आधीच रडायला लागतं. कॉरिडॉरच्या टोकाला बारा फूट रुंदीची कोरी भिंत होती.

"तिथे काहीतरी करा ना," मॅडम म्हणाल्या. "चित्रं नकोत. चित्रांना मुलं दोन मिनिटांत कंटाळतात. हात लावला की काहीतरी होईल असं हवं."

"काय व्हायला हवं?"

"ते तुम्हीच ठरवा. मुलांचं तुम्हाला कळतं."

मापबाईंनी मान डोलावली. मुलांच्या पायांचं कळत होतं, यात शंका नव्हती. उरलेल्या मुलाचं कळतं का, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

रुग्णालयाचे मोठे डॉक्टर नाखुशीनेच तयार झाले. त्या भिंतीत नोंदणीची दुसरी खिडकी काढायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी अट घातली: पंधरा दिवस लावून बघा. मुलं आपण होऊन तिकडे गेली तर राहील, नाहीतर खिडकी होईल.

मापबाईंना ती भिंत टिकायला हवी होती. एकतीस वर्षांत या कॉरिडॉरमधून गेलेल्या मुलांसाठी त्यांनी जे जे बनवलं, ते सगळं मुलांच्या अंगावर कुणीतरी चढवावं लागलं होतं. एकाही मुलाने हात पुढे करून ते मागितलं नव्हतं. निघायच्या आधी एक वस्तू अशी व्हावी की जिच्याकडे मूल स्वतःहून जाईल, एवढंच त्यांना हवं होतं. त्या हे कुणाजवळ बोलल्या नाहीत. समोरच्या टेबलावर वीस वर्षं उंच टाचांचे बूट शिवत बसलेल्या बूटवाल्यांजवळसुद्धा नाही, आणि बूटवाल्यांपासून त्या कार्यशाळेत असं काही राखून ठेवणं सोपं नव्हतं.

कल्पना सापडली छपरामागे. पाण्याच्या पाइपाला तिथे कायमची गळती आहे आणि त्या ओलीवर लाजाळू माजलेली असते. चामड्याचे तुकडे टाकायला गेलेल्या मापबाईंचा पाय लागला आणि हातभर जमीन मिटली. त्या तिथेच उकिडव्या बसल्या. हातातलं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं आणि एका डहाळीच्या टोकाला नख लावलं. टोकाची पानं मिटली, मग त्यांच्या मागची जोडी, मग त्या मागची, अशी देठापर्यंत, आणि शेवटी देठच कोलमडला. उघडायला बारा मिनिटं लागली. दुसऱ्या डहाळीला नऊ. त्यांनी दोन्ही आकडे तळहातावर लिहिले.

"मोठी लाजाळू करायची," आत येऊन त्या म्हणाल्या. "भिंतभर. हात लावला की मिटणारी."

बूटवाल्यांनी दाभणावरून नजर न काढता विचारलं, "आणि पाणी कोण घालणार?"

पुढचे पाच आठवडे कार्यशाळेत मुलांचे पट्टे सकाळी झाले आणि लाजाळू दुपारनंतर. एकेक डहाळी हातभर लांब, तिला पानांच्या बारा जोड्या. पानं छत्रीच्या कापडाची, कडेने बारीक तार. टोकाला चामड्याची जीभ. ती दाबली की सायकलच्या ब्रेकची तार ओढली जाई आणि जोड्या एकामागून एक मिटत. अशा साठ डहाळ्या झाल्या. कडेच्या टाक्यात धागा कुठे दिसत नव्हता, पट्ट्यांच्या कामात तो दिसून चालत नाही म्हणून.

स्प्रिंगा त्यांनी मॅडमच्या तक्त्याबरहुकूम लावल्या. खाली उजवीकडे मऊ, वर डावीकडे जात जात कडक. मधल्या ओळी मनगटासाठी, वरच्या खांद्यासाठी, जमिनीलगतच्या घोट्यासाठी. प्रत्येक डहाळीवर क्रमांक रंगवला. शेजारी एक छोटा आकडे फिरणारा मीटर, पान किती वेळा दाबलं गेलं ते दाखवणारा. आणि कुणाला ताटकळावं लागू नये म्हणून पानं तीन सेकंदांत पुन्हा उघडतील अशी सोय.

मॅडमनी एक-एक डहाळी दाबून पाहिली. "बाई, हे तर आमच्या खोलीतल्या यंत्रांपेक्षा चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. मापबाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं.

पहिल्या दिवशी गलका झाला. दुसऱ्या दिवशी निम्मा. चौथ्या दिवशी भिंतीपुढची फरशी मोकळी होती आणि मुलं पुन्हा बाकांवर आयांना टेकून बसली होती. मापबाई सुट्टीच्या वेळात येऊन टोकाच्या बाकावर बसत. त्यांनी पाहिलं: आई पाठीवर हात ठेवून ढकलते, मूल जातं, दाबतं, मीटरकडे बघतं, परत येतं.

पाचव्या दिवशी आठेक वर्षांची एक चष्मेवाली मुलगी भिंतीजवळ गेली. तिच्या उजव्या मनगटाला मापबाईंनीच केलेला पट्टा होता. तिने सतरा क्रमांकाची जीभ एकदा दाबली आणि मागे वळून विचारलं, "किती वेळा?"

"कितीही," मापबाई म्हणाल्या.

"कितीही म्हणजे किती?"

"दहा वेळा कर ग," तिची आई बाकावरून म्हणाली. "बाई बघतायत ना."

मुलीने मोठ्याने मोजत दहा वेळा दाबलं, पट्टा जरा वर सरकवला आणि जागेवर येऊन बसली. मिटणाऱ्या पानांकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

मापबाईंच्या घरात त्या आणि त्यांची लेक, दोघीच. नवऱ्याच्या माघारी खोल्या दोनवर आल्या होत्या. लेक तेहतीस वर्षांची, एका छापखान्यात मुद्रितं तपासते. जन्मली तेव्हा तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. दोन वर्षांची असताना मापबाई तिला कडेवर घेऊन याच कार्यशाळेत पट्ट्यासाठी आल्या. त्या वेळी त्या कपडे शिवायच्या. मिळालेला पट्टा लेकीला घासायचा, म्हणून त्यांनी घरी तो उसवला, आतून मऊ लोकर लावली, बक्कल अर्धा इंच सरकवलं आणि दाखवायला परत घेऊन गेल्या. तेव्हाच्या प्रमुखांनी पट्टा उलटसुलट केला आणि विचारलं, सोमवारपासून याल का. पुढे पाऊल सरळ झालं. पाय मात्र दीड इंच तोकडा राहिला, तेवढी टाच बूटवाले लावून देतात. तो बूट मापबाई पिशवीतून घरी आणतात. पंधरावं लागल्यापासून लेकीने त्या कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकलेलं नव्हतं. का, हे मापबाईंनी विचारलं नव्हतं. वेळ नव्हता, असं त्या स्वतःला सांगत.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मापबाईंनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर भिंत काढून दाखवली.

"कुठे चुकतंय ते कळत नाही. तार अडकत नाही, पान अडकत नाही. सगळं काट्यावर चालतं."

लेकीने चूक शोधायच्या सवयीने पेन्सिल हातात घेतली. "ही वरची कडक का?"

"खांद्याला जोर लागावा म्हणून."

"आणि ही खालची?"

"घोट्याला."

"हे आकडे?"

"मॅडमना कळायला हवं ना, किती झालं ते."

लेकीने पेन्सिल ठेवली. "आई, हा व्यायाम आहे."

"खेळ आहे तो. लाजाळू आहे."

"ही लाजाळू आहे, असं तू मला सांगतेस?"

लेकीचा आवाज चढला नव्हता. ती मुद्रितातली चूक दाखवावी तशी बोलत होती.

"शाळा सुटल्यावर मी तुझ्या कार्यशाळेत यायचे. छपरामागे लाजाळूत बसायचे. पट्टा काढायचे आणि बसायचे. तू एकदा येऊन बघितलंस. दुसऱ्या दिवसापासून काय सुरू केलंस, आठवतंय?"

"वीस पानं अंगठ्याने," मापबाई म्हणाल्या. "दहा टाचेने."

"आणि पाऊल बाहेर वळवून."

"पाय सरळ झाला की नाही त्याने?"

"झाला. नाही कुठे म्हणतेय मी? पण त्या आठवड्यानंतर मी छपरामागे कधी गेले नाही. तुझ्या लक्षात आलं होतं?"

मापबाईंनी आठवून पाहिलं. लक्षात आलं होतं. "मला वाटलं, तू मोठी झालीस," त्या म्हणाल्या.

"मी सात वर्षांची होते."

लेकीने ताटं उचलली. मापबाईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि नळाखाली धरली. घासून झालेली ताटं त्यांनी पुन्हा एकदा घासली.

सकाळी त्या मॅडमकडे गेल्या आणि चार दिवस भिंतीवर चादर टाकायची परवानगी मागितली. मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला की हवं ते करा, पण पंधरा म्हणजे पंधराच. पाच गेले होते, चार दुरुस्तीत जाणार होते. उरत होते सहा.

बूटवाले पक्कड घेऊन मदतीला आले. पहिली कडक स्प्रिंग काढताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, पाच आठवडे लावून बसवलेलं काढताय. निवृत्ती पायाकडून चढते की डोक्याकडून उतरते?"

"काढा तुम्ही."

"काढतोय. फक्त विचारून ठेवतो, पुढच्या वर्षी माझा नंबर आहे."

आता पान बोटाच्या नुसत्या स्पर्शाने मिटायला हवं होतं आणि आपल्या चालीने उघडायला. उपाय भांडारात सापडला: काचेच्या जुन्या सिरिंजांची खोकी. उकळून पुन्हा वापरायच्या काळातल्या या सिरिंजा वर्षानुवर्षं कुणी उघडून पाहिल्या नव्हत्या. काचेचा दट्ट्या काचेत लोण्यासारखा सरकतो. मापबाईंनी प्रत्येक डहाळीमागे एक सिरिंज बांधली. पान मिटताना हवा रबराच्या झडपेतून भसकन बाहेर जाई. उघडताना तिला परतीची वाट फक्त सुईतून. स्प्रिंग इतकी मऊ की दट्ट्या हलतोय हे डोळ्याला कळू नये. पण पान उघडत राही.

सुया जाड-बारीक होत्या. मापबाईंनी सवयीने त्यांचे जाडीप्रमाणे तीन ढीग केले. मग थोडा वेळ त्या ढिगांकडे पाहत राहिल्या आणि तिन्ही एकत्र करून टाकले. हाताला येईल ती सुई त्यांनी लावली. कुठलं पान कधी उघडेल ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं. क्रमांक पॉलिशपेपरने घासून काढले. चार डहाळ्या मुद्दाम पक्क्या ठेवल्या, न मिटणाऱ्या. छपरामागच्या लाजाळूतही जून झालेली काही पानं अशीच होती.

"ही बिघडलेली का?" बूटवाल्यांनी विचारलं.

"नाही. ही निर्लज्ज आहेत."

बूटवाले हसले. मापबाईंच्या तोंडून असं काही ऐकायची त्यांना सवय नव्हती.

मीटर निघाले तेव्हा मॅडम धावत आल्या. "बाई, डॉक्टर आकड्याशिवाय बोलत नाहीत. सहाव्या दिवशी त्यांना दाखवणार काय?"

"माहीत नाही."

"मग एका बाजूला तरी राहू देत. आत, दिसणार नाहीत असे."

मापबाईंनी विचार केला. ते करणं सोपं होतं, दहा मिनिटांचं काम. "दिसले नाहीत तरी मला माहीत असतील," त्या म्हणाल्या. "मी रोज वाचीन. वाचलं की आकडा वाढावा असं वाटेल. मग मी पुन्हा काहीतरी करीन." साठ मीटर त्यांनी खोक्यात भरले आणि खोकं बूटवाल्यांच्या टेबलाखाली ढकललं.

चादर निघाली त्या दिवशी पहिल्याच मुलाने जीभ दाबली, पान मिटलं, त्याने पुन्हा दाबली. काहीच झालं नाही. त्याने भोकाड पसरलं की भिंत मोडली. मापबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी हात मांडीखाली घेतले.

दहाच्या सुमाराला चष्मेवाली आली. तिने दुरून पाहिलं, जवळ जाऊन आकडे शोधले, सापडले नाहीत. करंगळीने एका डहाळीचं टोक हलवलं. जोड्या मिटत गेल्या, देठ खाली आला. तिने हात मागे घेतला.

"आता?"

"आता थांबायचं," मापबाई म्हणाल्या.

"किती?"

"त्याला वाटेल तोवर."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, त्या थट्टा करत नाहीत याची खात्री केली आणि फरशीवर मांडी घातली. चारेक मिनिटं काहीच घडलं नाही. मग तिच्या डोक्यावरचं, तिने न मिटवलेलं एक पान उघडायला लागलं. ती उठली, त्याच्यावर फुंकर मारली, नाक लावलं. तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला गेला.

"माझं अजून उघडायचंय," ती आईला म्हणाली.

"नंतर बघू."

ती आत गेली. आतून तिचं रडणं ऐकू आलं, नेहमीसारखंच. त्या भिंतीने ते थांबवलं नाही, पुढेही कधी थांबवलं नाही. पण बाहेर आल्यावर डोळे पुसत ती दरवाजाकडे न जाता भिंतीकडे गेली. तिचं पान उघडलेलं होतं. तिने ते पाहिलं, हात लावला नाही आणि आईच्या मागे निघून गेली.

सहाव्या दिवशी मोठे डॉक्टर आले. मागे मॅडम, त्यांच्या मागे बूटवाले, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"किती मुलं? किती वेळा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोजलं नाही," मापबाई म्हणाल्या.

"मग ठरवायचं कशावर?"

मापबाईंनी क्षणभर डॉक्टरांच्या बुटांकडे पाहिलं. मग त्या भिंतीजवळ गेल्या. "मूल कसं चालतं ते मी त्याला विचारत नाही, साहेब. टाच बघते. हे बघा." त्यांनी मधल्या ओळीवर बोट ठेवलं. कापडावर तेलकट चकाकी आली होती. "इथे कपाळं टेकलीयत. खाली हे काळे ओरखडे, हे सळ्यांच्या बुटांचे. बसून, पाय लांब करून लावलाय पाय. कुणी सांगितलेलं नाही. आणि ते वर बघा, सात फुटांवर, गोल डाग. कुबडीचं रबर."

डॉक्टर वाकले. मग अजून वाकले. "ही चार सगळ्यांत मळलीयत."

"हो."

"यांत काय विशेष?"

"ती मिटतच नाहीत."

"मग?"

"मुलांनी अजून नाद सोडलेला नाही," मापबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यातल्या एका पानाला बोट लावलं. पान हललं नाही. त्यांनी अंगठ्याने जरा जोर देऊन पाहिलं, मग मागे बूटवाले आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. "सहा महिने राहू दे," ते म्हणाले. "खिडकीचं जिन्याखाली बघतो. सहा महिन्यांनी पुन्हा येईन."

सहा महिन्यांनी मापबाई तिथे नसणार होत्या. त्यांनी मान डोलावली. बूटवाल्यांना तेल कुठे घालायचं आणि कुठे घालायचं नाही, ते त्यांनी त्याच दुपारी दाखवून ठेवलं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी दोन भाषणं झाली, दोन्ही आखूड. कपाटातली पावलं कुणाला द्यायची हे ठरलेलं नव्हतं, ती कपाटातच राहिली. टेप मापबाईंनी खुंटीला अडकवली. चारच्या सुमाराला पिशवी घेऊन त्या निघाल्या, आणि बाहेर पडायचा रस्ता कॉरिडॉरवरून नसतानाही तिकडे वळल्या.

टोकाच्या बाकावर लेक बसली होती. छापखान्यातून ती थेट आली असावी, बोटांना शाई होती. दुपारचे नंबर संपले होते, कॉरिडॉर रिकामा होता. भिंतीवरची निम्मी पानं मिटलेली होती, शेवटच्या मुलांनी मिटवून ठेवलेली.

मापबाईंची नजर आधी लेकीच्या डाव्या बुटाकडे गेली. टाच आतून झिजली होती, गेल्या महिन्यापेक्षा जास्त. सांगायचं वाक्य तोंडाशी आलं. तेहतीस वर्षं ते तयारच असायचं. त्या शेजारी बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"निर्लज्ज ती कुठली?" लेकीने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"बूटवाले काकांनी. फोन केला होता त्यांनी. म्हणाले, आईला न्यायला ये, रडेल."

"रडत नाही मी."

"मी तेच म्हटलं."

मापबाईंनी चार डहाळ्या दाखवल्या. लेक उठली नाही, तिने कशालाही हात लावला नाही. खालच्या ओळीतल्या एका मिटलेल्या डहाळीकडे ती पाहत होती. देठाजवळची पहिली जोडी किंचित सुटल्यासारखी वाटत होती, किंवा नव्हतीही.

"उघडायला किती वेळ लागतो?"

"मोजलं नाही."

लेकीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तू?"

"मी."

लेकीने डावा पाय पुढे लांब केला आणि मागे टेकून बसली. बस साडेचारची होती. पुढची सव्वापाचला होती.